रोज जवळ बाळगायला आणि रेंजवर सरावाला एकच पिस्तूल: कोणतं घ्यावं?

रानवाट (धागाकर्ती)

नमस्कार. परवाना हातात आला, सुरक्षेचा वर्ग पूर्ण झाला आणि गेले दोन महिने दर शनिवारी रेंजवर जाऊन भाड्याच्या पिस्तुलांवर हात बसवते आहे. आता स्वतःचं घ्यायचं आहे, आणि एकच घ्यायचं आहे. तेच रोज कमरेला राहील आणि त्याच्यावरच सराव होईल. दोन वेगळी हत्यारं सांभाळायची, दोन्हींवर हात टिकवायचा, हे मला झेपणार नाही.

अडचण अशी की ग्लॉक १९ वर माझ्या गोळ्या चांगल्या लागतात, पण चापापर्यंत बोट नीट पोचत नाही. ते पोचवायला मूठ हातात थोडी फिरवून धरावी लागते आणि मग सगळा धक्का अंगठ्याच्या बुंध्यावर येतो. सिग पी३६५ हातात अगदी चपखल बसतं, कपड्यांखाली दिसतही नाही, पण तीस-चाळीस राऊंड झाले की मनगट दुखू लागतं आणि गोळ्या खाली डावीकडे जायला लागतात. मी उजव्या हाताने चालवते.

शिवाय ज्याला विचारावं तो वेगळं नाव सांगतो आणि ‘हे कधीच अडकत नाही’ असं म्हणतो. भरवशाचं म्हणजे नेमकं काय, आणि ते मी स्वतः कसं तपासायचं? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिलं तर फार मदत होईल.

कोरा कागद

रिव्हॉल्वर घ्या आणि मोकळ्या व्हा. स्मिथ अँड वेसन ६४२ सारखं, घोडा आत झाकलेला, पाच गोळ्यांचं. मॅगझिन नाही, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) नाही, अडकायला काही नाही. चाप ओढला की गोळी सुटणार. एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची समोर येते. माझ्याकडे अनेक वर्षं आहे, एकदाही दगा दिलेला नाही.

सावकाश

रानवाट, तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

चापापर्यंत बोट पोचत नाही ही किरकोळ तक्रार नाही. निवडीतली पहिली चाळणी हीच. कोणतंही पिस्तूल हातात घेतलं की आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत) डोळ्यांनी पाहा आणि करंगळीचं टोक आत घालून चाचपा. क्रम हाच ठेवा. मॅगझिन आत असताना स्लाइड सोडली तर नवी गोळी चढते. रिकामं असल्याची खात्री झाली की नळी सुरक्षित दिशेला ठेवून मूठ अशी धरा की नळी आणि तुमचं कोपरापासूनचं हाड एका रेषेत येईल. आता बोट चापावर ठेवून पाहा. पेराचा मधला फुगीर भाग चापाच्या मध्यावर आला पाहिजे आणि उरलेलं बोट मुठीला घासता कामा नये. नुसतं टोक पोचत असेल तर चाप मागे येताना नळी एका बाजूला ढकलली जाते. तुम्ही मूठ फिरवून ही कमतरता भरून काढता आहात, म्हणूनच धक्का अंगठ्यावर बसतो.

लहान पिस्तुलाचं दुखणं वेगळं आहे. पी३६५ रिकामं साधारण ५०० ग्रॅम, ग्लॉक १९ साधारण ६७० ग्रॅम. काडतूस दोन्हींत तेच, ९×१९ (म्हणजे ९ मिमी). गोळीचा जोर तोच आणि हत्यार हलकं, म्हणजे हाताकडे येणारी धक्क्याची ऊर्जा हिशोबाने जवळपास तिसऱ्या हिश्श्याने वाढते. त्यात छोट्या मुठीवर करंगळीला जागा कमी. मनगट दुखणं साहजिक आहे. आणि दुखायला लागलं की मेंदू गोळी सुटायच्या आधीच हाताला ‘आता धक्का येणार’ म्हणून सांगतो. हात पुढे खाली दाबला जातो. उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली डावीकडे जाते ती बहुतेक वेळा यामुळे.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत: ज्याची मूठ बारीक आहे पण नळी आणि स्लाइड पूर्ण लांबीची आहे, अशा गटात शोधा. ग्लॉक ४८ हे त्याचं नेमकं उदाहरण. २०१९ मध्ये ४३एक्सच्या जोडीने आलं. मूठ दोघांची एकच, बारीक, १० राऊंडची. पण ४८ ची नळी १०६ मिमी, म्हणजे १९ च्या १०२ मिमीपेक्षाही किंचित जास्त. दुसरा रस्ता म्हणजे मागची पट्टी बदलता येणारी पिस्तुलं. स्मिथ अँड वेसन एम अँड पी २.० सोबत मुठीच्या वेगवेगळ्या मापांच्या पट्ट्या येतात, सीझेड पी-१०सी आणि वॉल्थर पीडीपीलाही ती सोय आहे. सगळ्यात लहान पट्टी लावून बोट पोचतंय का पाहा. बाजारात नाव मोठं आहे म्हणून हाताशी तडजोड करू नका.

भरवशाचा प्रश्न मोठा आहे, त्यावर उद्या निवांत लिहितो.

पाऊलखूण

कोरा कागद, तुमच्या अनुभवाचा आदर राखून एवढंच म्हणेन की रिव्हॉल्वर अडकत नाही हे खरं नाही. क्वचित अडकतं, पण अडकलं की जागच्या जागी सुटत नाही.

मी स्वतः पाहिलेला प्रकार सांगते. हलक्या मिश्रधातूच्या रिव्हॉल्वरमध्ये जोरदार काडतुसं भरली होती. दोन राऊंड झाले आणि तिसऱ्याला सिलिंडर फिरेना. झालं असं होतं की प्रत्येक धक्क्याबरोबर हत्यार झटकन मागे जात होतं आणि न उडालेल्या काडतुसांतलं शिसं (पुढची गोळी) जडत्वाने पुंगळीतून (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यातून) पुढे सरकत होतं. एकाचं टोक सिलिंडरच्या बाहेर येऊन चौकटीला अडलं. तो मुलगा सिलिंडर उघडू शकत नव्हता आणि बंद ठेवून चाप ओढूही शकत नव्हता. शेवटी नळी लक्ष्याकडेच ठेवून शिक्षकांना बोलवावं लागलं. पिस्तुलात अशी अडचण आली तर बहुतेक वेळा मॅगझिनवर थाप आणि स्लाइडला एक ओढ एवढ्यावर भागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे चाप. झाकलेल्या घोड्याच्या रिव्हॉल्वरचा चाप साधारण ५ किलोच्या घरात असतो, ग्लॉकसारख्याचा अडीच किलोच्या आसपास. हत्याराचंच वजन अर्धा किलोच्या आत, आणि त्याच्या दहापट जोर लावून चाप ओढायचा. नळी जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर. नव्या माणसाला याच्यावर शिकणं फार कठीण जातं. रानवाट यांना रेंजवर दर आठवड्याला शंभरेक राऊंड मारायचे असतील तर त्या लहान रिव्हॉल्वरचा महिन्याभरात कंटाळा येईल. सराव सुटला की बाकी सगळं सुटलं.

कोरा कागद

हे मान्य. शिसं पुढे सरकण्याचा प्रकार मला माहीत नव्हता, मी साधी .३८ स्पेशलच वापरतो. रेंजवर मी फार तर वीस राऊंड मारतो, हेही खरं. सरावाचा विचार केला तर माझा सल्ला त्यांच्या कामाचा नाही.

दुपारचं ऊन

कॅलिबरवर (गोळीच्या जाडीवर) कोणीच बोललं नाही? ४५ एसीपी आणि १९११ चं घराणं अजून कोणी मोडू शकलेलं नाही. जॉन ब्राउनिंगने बनवलेलं हत्यार शंभर वर्षांनंतरही चालतं आहे. त्याच्या चापासारखा चाप दुसरा नाही, सरळ मागे येतो, मध्येच कुठे अडखळत नाही.

सावकाश

चापाबद्दल शंभर टक्के सहमत. १९११ चा चाप एकदा ओढला की बाकीचे खरखरीत वाटतात. पण पोलादी पूर्ण आकाराचं १९११ रिकामंच किलोभराच्या वर जातं, मॅगझिनमध्ये सात-आठ गोळ्या, आणि ते घोडा चढवून सेफ्टी लावून बाळगायचं असतं. त्याला हाताची खूप सवय लागते. रेंजवर जरूर चालवावं. पहिलं आणि एकमेव हत्यार म्हणून मी ते सुचवणार नाही.

कॅलिबरचा वाद थोडक्यात संपवू. ९×१९ हे १९०२ चं काडतूस. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेने ९ मिमी अपुरं मानलं, १० मिमीकडे गेले, त्यातून १९९० मध्ये .४० स्मिथ अँड वेसन आलं. पुढे गोळ्यांची बनावट सुधारत गेली आणि २०१० च्या दशकात तीच संस्था पुन्हा ९ मिमीवर आली. कारण साधं होतं: आत शिरण्यात फरक उरला नव्हता आणि ९ मिमीवर त्यांच्या लोकांचा नेम जास्त वेगाने आणि जास्त अचूक लागत होता. रानवाट, तुम्ही ९ मिमी घ्या आणि हा विषय डोक्यातून काढून टाका.

आता भरवशाबद्दल.

‘हे कधीच अडकत नाही’ या वाक्याला अर्थ नाही. कारण अडकतं ते एकटं पिस्तूल नसतं. पिस्तूल, हे विशिष्ट मॅगझिन, ही विशिष्ट गोळी आणि तुमचा हात, अशी चौघांची ती जोडणी असते. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल धक्क्याच्या जोरावर स्वतःला पुन्हा भरतं. स्लाइड मागे जाण्यासाठी मूठ जागेवर राहावी लागते. मनगट सैल असेल तर सगळं हत्यारच मागे जातं, स्लाइडचा प्रवास अपुरा पडतो आणि रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता स्लाइडच्या तोंडात उभी अडकते. तेच पिस्तूल दुसऱ्याच्या हातात पाचशे राऊंड बिनतक्रार चालतं. दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून वहीवर तपासा. नवीन पिस्तूल आणलं की आधी साफ करून तेल द्या, कारखान्यातून येताना लावलेलं तेल बऱ्याचदा गंज लागू नये म्हणून असतं. मग प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला रंगाने नंबर घाला: १, २, ३. दोनशे साधे राऊंड मारा, सगळी मॅगझिनं आलटून पालटून. त्यानंतर ज्या गोळ्या प्रत्यक्ष बाळगणार त्यांचे किमान पन्नास, शक्यतो शंभर. पोकळ टोकाची गोळी चालते का ते तुमच्या कायद्यावर अवलंबून. चालत असेल तर तिची वेगळी परीक्षा हवीच, कारण तिचं टोक गोल नसतं आणि चेंबरकडे जाणाऱ्या उतारावर ती वेगळ्या तऱ्हेने चढते. काही पिस्तुलांना ११५ ग्रेन वजनाच्या गोळीची एक जात मानवत नाही आणि १२४ ग्रेनची मानवते. हे कागदावर कळत नाही.

अडकलं की तिथेच थांबून लिहा. कितवा राऊंड, कोणतं मॅगझिन, कोणती गोळी, काय झालं. शब्द मोघम नकोत. ‘जॅम’ लिहिलं तर काहीच कळत नाही. ‘पुंगळी उभी अडकली’, ‘गोळी उतारावर नाक खुपसून थांबली’, ‘चाप ओढला, टक् झालं, गोळी उडाली नाही, प्राइमरवर (काडतुसाच्या बुडाच्या, ठिणगी देणाऱ्या टिकलीवर) खूण उथळ’ असं लिहा. तीनही अडचणी २ नंबरच्या मॅगझिनला असतील तर दोषी ते मॅगझिन. सगळ्या एकाच जातीच्या गोळीला असतील तर गोळी बदला. शेवटच्या वीस राऊंडांत असतील तर हात थकलाय. मॅगझिन आणि गोळ्या बदलूनही, ताज्या हाताने आणि अनुभवी माणसाच्या हातातही अडकत असेल तरच पिस्तूल दुरुस्तीला.

एक गोष्ट मात्र लिहायला थांबू नका, आधी हात थांबवा. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, नुसतं फुस् झालं, धक्का जाणवला नाही, तर पुढची गोळी मारायची नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फाटते. आणि चाप ओढूनही काहीच झालं नाही तर नळी लक्ष्याकडे ठेवून तीस सेकंद मोजा, मगच स्लाइडला हात लावा. प्राइमर कधीकधी उशिरा पेटतो.

बारीक अक्षर

सावकाश काका, तुमचा हा प्रतिसाद मी छापून सामानाच्या पिशवीत ठेवते आहे.

रानवाट, तुमचे हात लहान आहेत म्हणून एक विचारते, स्लाइड ओढायला जड जाते का? मला पहिलं वर्षभर जायची. दुकानात मला सरळ .३८० चं हलक्या स्प्रिंगचं पिस्तूल दाखवलं गेलं, ‘बायकांना हेच जमतं’ म्हणून. मला ते लागलंच नाही. माझी चूक एवढीच होती की मी चिमटीत स्लाइड पकडून मागे ओढत होते. डाव्या हाताचा पूर्ण पंजा वरून स्लाइडच्या मागच्या खाचांवर घट्ट ठेवायचा, पिस्तूल छातीजवळ घ्यायचं, नळी लक्ष्याकडेच, आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. ओढण्यापेक्षा ढकलण्यात जोर जास्त असतो, त्यात सगळं अंग कामाला येतं. पुंगळी बाहेर पडायचं तोंड पंजाने झाकू नका, आणि छातीजवळ घेताना नळी डाव्या हाताच्या कोपराकडे वळते का हे सुरुवातीला कोणाला तरी पाहायला सांगा. माझी वळायची. मला कळतही नव्हतं.

संधिवात असेल किंवा बोटांत ताकद खरंच कमी असेल तर हलक्या स्प्रिंगची पिस्तुलं ही उत्तम सोय आहे. पण आधी हे करून पाहा.

रानवाट

बारीक अक्षर, अगदी हेच होत होतं! काल रेंजवर करून पाहिलं. चौथ्या वेळी स्लाइड सहज मागे गेली. शिक्षकांना कोपराकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं, दोनदा टोकलं त्यांनी.

ग्लॉक ४८ भाड्याने मिळालं. बोट पोचतं. पन्नास राऊंड मारले, मनगट ठीक आहे. पण ७ मीटरवर माझ्या गोळ्या अजून तळहाताएवढ्या वर्तुळात पसरतात, त्यातल्या तीन-चार खाली डावीकडे. हे पिस्तुलाचं की माझं?

सावकाश

तुमचं. आणि ते चांगलं आहे, कारण ते विकत न घेता सुधारता येतं.

पुढच्या माशीकडे (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेकडे) पाहता की लक्ष्याकडे? माशी धारदार दिसली पाहिजे, लक्ष्य धूसर चालेल. माशी आणि मागची खाच यांच्यात साधारण १५ सेंटिमीटर अंतर असतं. माशी १ मिमी सरकली तर ७ मीटरवर गोळी ४७ मिमी सरकते, २५ मीटरवर १६७ मिमी. माशी-खाचेत १२ सेंटिमीटरच असतील तर ७ मीटरवरच ५८ मिमी. लहान पिस्तुलाची नळी वाकडी नसते, त्याच्यावर डोळ्याची चूक जास्त मोठी होऊन कागदावर उतरते एवढंच. लाल ठिपक्याची दुर्बीण लावली की हा प्रश्न सुटतो, पण सहा महिने तरी साध्या माशीवर काढा.

डावीकडे खाली जाणाऱ्यांसाठी: शिक्षकांना मॅगझिन भरायला द्या आणि त्यात दोन-तीन डमी (न उडणारे नकली) राऊंड कुठेही मिसळायला सांगा. तुम्हाला क्रम माहीत नको. डमी आली की नुसतं टक् होईल आणि माशी झपकन खाली बुडताना तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला विश्वास बसेना, मी सहा वर्षं ‘पिस्तुलाची माशी वाकडी आहे’ म्हणत होतो. डमीवर माशी हलायची थांबली की गोळ्या आपोआप वर येतील.

घरी कोरडा सराव (गोळीविना चाप ओढण्याचा) करा, रोज दहा मिनिटं. गोळ्या दुसऱ्या खोलीत, खात्री दोनदा, समोर गोळी थोपवेल अशी भिंत. सराव संपला की मोठ्याने ‘संपला’ म्हणायचं आणि पिस्तूल उचलून ठेवायचं. अपघात होतात ते ‘अजून एकदाच’ मध्ये, गोळ्या भरून झाल्यावर. .२२ रिमफायरवर मात्र मॅन्युअल वाचल्याशिवाय कोरडा चाप ओढू नका, बऱ्याच जणांत पिन चेंबरच्या कडेवर आपटते.

पाऊलखूण

रेंजच्या बाबतीत दोन गोष्टी राहून जातात. बंदिस्त रेंजवर कानात बोंडं आणि वरून कर्णकवच, दोन्ही. पिस्तुलाचा आवाज १५५-१६० डेसिबलच्या घरात जातो, आणि १४० च्या वर एकदाच बसलेला दणकाही कानाचं कायमचं नुकसान करू शकतो. माझा उजवा कान वरच्या पट्टीतलं ऐकत नाही. तरुणपणी एका दुपारी कवच गळ्यात ठेवून ‘एकच मॅगझिन’ मारलं होतं.

दुसरं शिसं. ते गोळीत असतंच, पण प्राइमरच्या धुरातही असतं. रेंजवरून निघताना साबण आणि थंड पाण्याने हात-तोंड धुवा, तोपर्यंत काही खाऊ नका, आणि घरी लहान मूल असेल तर त्या कपड्यांनी त्याला उचलून घेऊ नका.

उंबरठा

मी गेली आठ वर्षं रोज बाळगतो. सगळे पिस्तुलावर बोलताहेत, मला होल्स्टरवर बोलायचं आहे.

ज्या पिस्तुलाला बाहेरची सेफ्टी नाही त्याची खरी सेफ्टी म्हणजे होल्स्टर. चाप पूर्ण झाकणारं, त्याच मॉडेलसाठी घडवलेलं, कडक कवचाचं, पिस्तूल काढल्यावर तोंड न मिटणारं. मऊ पडलेलं जुनं चामड्याचं होल्स्टर फार धोक्याचं. कड आत दुमडते आणि पिस्तूल ठेवताना तीच चापावर दाबली जाते. माझ्या बाबतीत कड नव्हती, जॅकेटची दोरी होती. ती होल्स्टरच्या तोंडात शिरली होती, मी न बघता पिस्तूल खाली सरकवत होतो आणि काहीतरी अडतंय असं वाटलं. जोर लावला नाही, वर काढून पाहिलं. दोरीच्या टोकाची प्लास्टिकची गुंडी चापाच्या कमानीत होती. त्या दिवसापासून पिस्तूल ठेवताना मी थांबतो, कपडा दुसऱ्या हाताने बाजूला करतो, बघतो, मग ठेवतो. काढताना घाई समजू शकतो, ठेवताना घाईचं कारणच नसतं.

आणि पट्टा. साधा कापडी पट्टा पिस्तुलाच्या वजनाने वळतो, मूठ बाहेर झुकते, मग माणूस दिवसभर हात लावून सारखं करत बसतो. कडक पट्टा घेतला की ९ मिमीचं मध्यम पिस्तूलही जड वाटत नाही. बरीच माणसं पिस्तूल मोठं म्हणून बदलतात, खरं तर पट्टा बदलायला हवा असतो.

दुपारचं ऊन

उंबरठा यांच्याशी सहमत. बाहेरची सेफ्टी असलेलं घ्यावं की नसलेलं, हा तुमचा प्रश्न. असलेलं घेतलंत तर दर कोरड्या सरावात ती खाली करण्याची सवय लावा, नाहीतर नेमक्या वेळी ती वरच राहते. आणि पिस्तूल कमरेला असताना दारूचा थेंब नको, वादात आवाज चढवायचा नाही. रस्त्यात कोणी आडवी गाडी घातली तर मी मुकाट्याने बाजूला होतो. आधी माझा स्वभाव असा नव्हता.

सायली फूल

माझी दोन मुलं आहेत, सहा आणि नऊ वर्षांची, म्हणून घरातल्या बाजूबद्दल लिहिते. पिस्तूल एकतर अंगावर होल्स्टरमध्ये, नाहीतर कुलूपबंद. कपाटाचा वरचा कप्पा, उशीखाली, पर्समध्ये, हे तिसरे पर्याय आमच्या घरात नाहीत. मुलांना सगळ्या जागा माहीत असतात. बटणांच्या क्रमाने उघडणारी पोलादी पेटी मी पलंगाच्या चौकटीला बोल्टने आवळून घेतली आहे. अंधारात, डोळे मिटून उघडायचा सराव केला आहे. बॅटरी वर्षातून दोनदा बदलते, ठरलेल्या दिवशी. मुलांना एकच शिकवलंय: कुठे दिसलं तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. पण त्यांच्या शहाणपणावर मी पेटी उघडी ठेवणार नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. रोज रात्री मी चेंबरमधली गोळी काढायचे आणि सकाळी तीच पुन्हा चढवायचे. काही आठवड्यांनी सहज दोन गोळ्या टेबलावर शेजारी उभ्या केल्या. रोज चढवलेली नव्या गोळीपेक्षा चक्क बुटकी झाली होती. दर वेळी उतारावर आपटून शिसं पुंगळीत आत सरकत गेलं होतं. आतली जागा कमी झाली की पेटताना दाब वाढतो, फार सरकलं तर पिस्तूल फुटू शकतं. आता मी पिस्तूल होल्स्टरसकट पेटीत ठेवते, भरणं-रिकामं करणं शक्य तितकं कमी. आणि जी गोळी दोन-तीनदा चढली ती रेंजवर नेऊ म्हणून वेगळी डबीत टाकते, पण आधी नवीशेजारी उभी करून बघते. बुटकी दिसली तर ती मारायची नाही, रेंजवाल्यांकडे नष्ट करायला द्यायची.

बारीक अक्षर

सायली, हे मी आत्ता उठून पाहिलं. माझ्या एका गोळीचं टोक जवळजवळ मिलिमीटरभर आत आहे. वेगळी काढली. मनापासून आभार.

रानवाट

दीड महिन्याने परत आले, उशिराबद्दल क्षमस्व.

पीडीपी आणि एम अँड पी दोन्ही लहान पट्टी लावून चालवली. एम अँड पी आवडलं होतं, पण बसल्यावर कमरेला मूठ टोचत होती. शेवटी ग्लॉक ४८ घेतलं. कडक कवचाचं होल्स्टर, जाड पट्टा, आणि सायलीताईंसारखी पेटी, तीही भिंतीला बोल्टने.

डमी राऊंडचा प्रयोग पहिल्याच दिवशी केला. माशी इतकी खाली बुडाली की मी पिस्तूल ठेवून बाजूला जाऊन बसले. शिक्षक म्हणाले, आता दिसलं ना, मग निम्मं काम झालं. तीन आठवडे रोज दहा मिनिटं कोरडा सराव. परवा ७ मीटरवर दहापैकी नऊ गोळ्या पेल्याच्या तोंडाएवढ्या वर्तुळात होत्या. दहावी अजून डावीकडे.

वहीतून लिहिते. साधे राऊंड २००, ११५ ग्रेन. बाळगायच्या गोळ्या ६०, १२४ ग्रेन. एकूण चार अडचणी. एक: १८ वा राऊंड, १ नंबरचं मॅगझिन, पुंगळी उभी अडकली. मनगट सैल होतं, मलाच जाणवलं. उरलेल्या तीन: ९१, १४७ आणि २२६. तिन्ही वेळा गोळी उतारावर नाक खुपसून थांबली, तिन्ही वेळा मॅगझिन ३. १ आणि २ पिस्तुलासोबत आलेली आहेत. ३ नंबरचं मी वेगळं घेतलं होतं, दुसऱ्याच बनावटीचं, जास्त गोळ्या बसतात म्हणून.

सावकाश

वही उत्तम लिहिली आहे. त्या तीन वेळी मॅगझिनमधली कितवी गोळी होती? पहिली की शेवटची?

रानवाट

तिन्ही वेळा शेवटून दुसरी. ते लिहून ठेवलं होतं, इथे टाकायचं राहिलं.

सावकाश

मग स्प्रिंग. गोळ्या संपत आल्या की तिचा ताण कमी होतो आणि गोळी वेळेवर वर येत नाही. ते मॅगझिन कमरेला लावू नका. लाल रंगाची फुली मारून रेंजच्या पिशवीत टाका, अडचणी सोडवायच्या सरावाला तेच कामाला येईल. १ आणि २ वर बाळगायच्या गोळ्यांचे अजून चाळीस मारा.

रानवाट

फुली मारली. चाळीस शनिवारी.